पडवी, मोजपट्टी आणि मर्ल डिटमर

मी, वर्ना लुईस स्टकविश, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार लिंडेन गाव, इंडियाना, या मृत्युपत्रात लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

राहतं घर, मागच्या पडवीसह, भाची ट्रूडीला द्यावं.

चुलतभाऊ ओटिसला काहीही देऊ नये. गावची घरपट्टी मी ठरवायचे तेव्हा कर वाचवायला त्याने पोहण्याचा तलाव मला 'गुरांचा हौद' म्हणून लिहून दिला होता. गुरं एकही नाही.

मोजपट्टी आणि खुणा केलेलं नियमपुस्तक मर्ल डिटमरला द्यावं. कारण सांगते. गावच्या घरपट्टी आकारणीच्या जागेवर आधीपासून मीच होते; निवडणुकीत तो माझ्याविरुद्ध उभा राहिला. त्याला चारशे बारा मतं, मला एकोणचाळीस. पण राज्याची परीक्षा पास झाल्याशिवाय खुर्चीवर बसता येत नाही, आणि मर्ल तीनदा नापास झाला. प्रमाणपत्र साऱ्या गावात माझ्या एकटीकडे, त्यामुळे रिकामी जागा पुन्हा मला मिळाली.

"लोकांनी मला निवडलंय!" तो चर्चच्या पायरीवर ओरडला.

"निवडलंय खरं, पण गुणाकार कोण करणार?" मी म्हटलं. हे बोलायला नको होतं.

दोन वर्षं मी दिसले की तो रस्ता ओलांडायचा. मग एका शनिवारी पीचच्या मुरंब्याची बरणी घेऊन दारात उभा.

"वर्ना, घसारा म्हणजे नक्की काय गं?"

"घर जुनं होतं तशी किंमत उतरते, तो."

"आणि माणसाची?"

"परीक्षेला नाही ते. बस."

अकरा शनिवार शिकवलं. पास झाला, माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला, आणि पुढच्या निवडणुकीत मला पाडलं.

पहिल्याच महिन्यात त्याने माझी घरपट्टी वाढवली. सुनावणीत मी कडाडले, "सूड उगवतोस मेल्या!" त्याने माझीच जुनी नोंद पुढे सरकवली. काचा लावून बंद केलेल्या पडवीला कर जास्त, आणि माझी तशी पडवी मी नऊ वर्षं नोंदीत उघडी दाखवली होती. त्याची मोजणी इंचभरही चुकली नव्हती. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान. हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही. वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवावं.

मर्ल आज साक्षीदार म्हणून सही करायला आला होता. ज्याच्या वाट्याला काही येणार आहे त्याची साक्ष चालत नाही, एवढंच मी त्याला सांगितलं. "म्हणजे माझ्या वाट्याला काही आहे?" असं त्याने विचारलं, आणि तासाभरापासून तो फाटकाशी उभा आहे.

सही: वर्ना लुईस स्टकविश
साक्षीदार: ग्लेनिस वेबेलहॉर्स्ट (शेजारीण), रॉस्को टीमन (टपालवाले)
लिंडेन, १४ ऑक्टोबर २०२३