बारा बाटल्या आणि कार्डिनल

३ मार्च, सोमवार
निवृत्तीनंतर चार वर्षांनी शाळेला माझी आठवण झाली. प्राचार्या ओर्नेल्ला (माझीच विद्यार्थिनी, पेशीच्या आकृतीत केंद्रक काढायला विसरायची) म्हणाली, बाई, अकरावीला प्राण्यांचं वर्तन आणि त्याची उत्क्रांती शिकवाल का? चार सोमवार. जमलं तर पुढच्या वर्षी हा विषय तुमचा, नाहीतर सांद्रीकडे देते. सांद्री एकतीस वर्षांचा आहे आणि वर्गात टेबलावर बसतो.
‘जमलं तर’ मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

५ मार्च, राखेचा बुधवार
उपवासकाळाचा संकल्प: ईस्टरपर्यंत कोणाला टोचून बोलायचं नाही.
चर्चबाहेर शेजारीण फिलोमेना भेटली. तिच्या टोपीबद्दल मी बोलले ते टोचणं नव्हतं, माहिती होती.

१० मार्च
तास उत्तम झाला. मुलं अतिशय शांत. त्यातली दोन झोपली होती, पण घोरत नव्हती.
सांगितलं की निरीक्षण पुस्तकात नसतं, दारात असतं. आमच्या गल्लीत फिलोमेना सोडून सगळे दारापुढे पाणी भरलेल्या बाटल्या मांडतात, म्हणजे मांजर उंबऱ्यावर ते कृत्य करत नाही. आजी मांडायची, आई मांडायची. कॉन्व्हेंटात सिस्टर इम्माकोलाता सांगत, मांजराला पाण्यात स्वतःचं तोंड दिसतं आणि लाज वाटते.
पहिल्या बाकावरच्या लुदोविकाने च्युइंगम चघळत विचारलं, बाई, हे कुणी मोजून पाहिलंय का? म्हटलं, तू मोज.
माझ्या दारात सहा बाटल्या आहेत. तरी फिलोमेनाचा तांबडा बोका कार्डिनल रोज येतो. म्हणजे सहा कमी पडतात.

११ मार्च, सकाळी ६.४०
कार्डिनल आला. बाटल्यांमधून वाट काढून कृत्य केलं. समोरच्या पायरीवर लुदोविका वही घेऊन बसली होती. आली हे विशेष.
चाळीस वर्षांच्या शिस्तीप्रमाणे उंबरा ब्लीचने धुतला, डोळे झोंबेपर्यंत. बाटल्या नऊ केल्या.

१७ मार्च
मांजराचे पूर्वज एकटे राहायचे, समोरासमोर भांडणं परवडायची नाहीत, म्हणून वासाने पत्रं लिहायला शिकले, हे शिकवलं. शेवटी म्हटलं, पत्र पुसलं गेलं की मांजराला ते पुन्हा लिहावं लागतं. वाक्य सुंदर होतं. लुदोविका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. असा आदर हल्ली दिसत नाही.
कार्डिनल रोज येतोय. बाटल्या बारा.

१९ मार्च
लुदोविका दारात. म्हणाली, बाई, चार दिवस ब्लीच बंद ठेवाल? नुसतं कोमट पाणी वापरा. म्हटलं, मग माझ्यात आणि फिलोमेनात फरक काय राहिला? तर म्हणते, फिलोमेनाआजींकडे एकही बाटली नाही, आणि उंबरा कोरडा. म्हटलं, बोका तिचा आहे, स्वतःच्या ताटात कोण थुंकतं. ती म्हणाली, बरं, मग गल्लीतल्या न्हाव्याकडे दोनच बाटल्या, त्याही रिकाम्या, तिथेही कोरडं कसं?
न्हाव्याचा उंबरा बघूनच बोका परत फिरत असेल, असं म्हणाले. संकल्प मोडला नाही, न्हावी तिथे नव्हता.
बंद ठेवते म्हटलं. तिची चूक तिलाच दिसू दे.

२३ मार्च, रविवार
गुरुवारी आला, कृत्य. शुक्रवारीही. काल नुसतं हुंगून गेला. आज आलाच नाही.
बारा बाटल्यांचा विजय.
६.४० पासून दार उघडून उभी होते. रागवायला समोर कोणी नाही. कॉफी गार झाली. सव्वासातला फिलोमेना म्हणाली, अगं एर्सिलिया, कुणाची वाट बघतेस? म्हटलं, हवा खातेय.

२४ मार्च
विज्ञानात पडताळणी लागते. पहाटे उंबऱ्यावर ब्लीच ओतलं, नेहमीपेक्षा जास्त. ६.४० ला आला. चांगलीच खरडपट्टी काढली त्याची. कॉफी गरम प्यायले.
लुदोविकाने लिहून घेतलं. तिसऱ्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही.

३१ मार्च
शेवटचा तास. मुलांचं सादरीकरण, ऐकायला ओर्नेल्ला आणि सांद्री (टेबलावर).
प्राणी क्रमांक एक: बोका. ब्लीचने पत्र पुसलं जातं, तो पुन्हा लिहितो. प्राणी क्रमांक दोन: धुतो, बोका येतो, बाटली वाढवतो, पुन्हा धुतो. खाली लिहिलं होतं, ‘आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेलं वर्तन. उपयोग आढळला नाही.’
ओर्नेल्लाने रुमाल तोंडाला लावला. मीही हसले, सगळ्यांचं झाल्यावर.
बाहेर लुदोविका म्हणाली, बाई, रागावलात? आमच्याकडेही आठ बाटल्या आहेत. आई काढू देत नाही.
म्हटलं, तुझी आई शहाणी आहे.

२ एप्रिल
ओर्नेल्लाचा फोन. विषय सांद्रीला दिला. पण मुलांचा प्रकल्प पुढचं वर्षभर चालणार आहे, आणि तुमच्या दाराशिवाय तो अडेल, म्हणाली. बाई, एकच विनंती, काहीही बदलू नका.
एकाहत्तराव्या वर्षी असं कुणाला सांगतात? सांद्रीला तर नक्कीच कुणी सांगितलेलं नाही. विषय त्याचा, पण माझ्याशिवाय तो शिकवणार काय?
पाच लिटर ब्लीच आणलं. बाटल्या चौदा.

३ एप्रिल, सकाळी ६.४०
कार्डिनल आला. लुदोविकाने समोरच्या पायरीवरून आम्हा दोघांची नोंद केली.