दोन मोटरींची रांगोळी

३ ऑक्टोबर २००५, राळेगाव. सकाळी ८.१०
गौरीचा पुण्याहून फोन. दिवाळीला येणार नाही म्हणाली. आईची रांगोळी नसलेल्या दारातून आत पाऊल टाकवत नाही म्हणे. सुचित्राला जाऊन सव्वा वर्ष झालं, पोरगी तेव्हापासून आलीच नाही. मी बोलून गेलो, तू ये, दारात आईची रांगोळी असेल, अगदी तिच्या हातची वाटेल अशी. फोन ठेवल्यावर आठवलं की मला रांगोळी येत नाही. पण जिनिंगमध्ये सत्तावीस वर्षं मेंटेनन्स फोरमन होतो. कापूस येईना म्हणून जिनिंग एप्रिलपासून बंद, म्हणजे वेळच वेळ. मशीन बनवतो. दहा दिवसांत.

५ ऑक्टोबर
सुचित्राची रांगोळीची वही सापडली. गौरीच्या लग्नातला दारातला फोटोही. भिंगातून पाहिलं. प्रत्येक रेघेच्या शेवटी डावीकडे वळलेला, गळासारखा बारीकसा आकडा. ही सुचित्राची सही. इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं, पण मला सकाळी साडेसातच्या आधी उठायची सवय नाही आणि तोवर तिची रांगोळी झालेली असायची.
चहा स्वतः केला, ग्लास पूर्ण भरून घेतला. शेवटची बारा वर्षं ती अर्धाच ग्लास द्यायची. काटकसर. मी कितीदा टोकलं, ती हसायची फक्त.

८ ऑक्टोबर
नागपूरला गेलतो. भंगारात दोन सर्व्हो मोटरी मिळाल्या, सांगितलं तेवढंच फिरून थांबणाऱ्या, त्या चालवणाऱ्या ड्राइव्हसकट. एक चाडी आडवी नेईल, एक उभी. पेरणीत चाडीतून बी पडतं, तशी रांगोळी पडेल.
जावई साकेतराव पुण्यात याच लाइनमध्ये आहेत. त्यांचं म्हणणं, दोन्ही मोटरींवर एकच कंट्रोलर पाहिजे, एक किती पळाली ते दुसरीला कळलं पाहिजे. नाहीतर दोघी पोचतील बरोबर जागी, पण मधली रेघ भलतीकडूनच जाईल. कंट्रोलर पाठवतो म्हणाले.
नको म्हटलं. पोचल्याशी मतलब. प्रत्येक मोटर आपापलं काम चोख करेल तर एकमेकींकडे पाहायचं कायले? मी संसार याच तत्त्वावर केला. माझं माझं, तिचं तिचं. कधी भांडण नाही.

१५ ऑक्टोबर
दहाचे बारा दिवस झाले. बारा तास लोडशेडिंग, त्याला मी काय करणार.
ट्रायल. ठिपके फर्स्टक्लास. अकरा बाय अकरा, एकही हलला नाही.
रेघा. आडवी मोटर आधी पोचते आणि थांबते, उभी चालत राहते. तिरपी रेघ मध्येच गुडघ्यात मोडते. गोल काढला तर त्याचं खोकं झालं. शेजारचे डोमाजी उभे राहून बघत होते. नळाची पाइपलाइन इथून नेणार का, असं त्यांनी विचारलं.
निर्णय: फेज वन फक्त ठिपके. संध्याकाळी दारात ठिपके टाकले, मशीनची फ्रेम दवाने गंजू नये म्हणून उचलून घरात आणली.

१६ ऑक्टोबर, सकाळी ७.३५
ठिपके जोडलेले आहेत.
वहीतलं तिसऱ्या पानावरचं कमळ. एक रेघ चुकलेली नाही. प्रत्येकीच्या शेवटी डावीकडे आकडा.

१६ ऑक्टोबर, दुपारी
शांत डोक्याने विचार केला. ड्राइव्हमध्ये उरलेला करंट असणार. त्यानेच मशीन चाललं.

१७ ऑक्टोबर
पुन्हा. करंटचं जमत नाही. मशीन घरात होतं, माझ्या खाटेजवळ, वर ताडपत्री.

२० ऑक्टोबर
काल मुद्दाम ठिपके टाकले नाहीत. आज दार कोरं. आत्ता संध्याकाळी टाकले, वहीतल्या शेवटच्या पानाचे. ती वही माझ्याशिवाय कोणी पाहिलेली नाही.

२१ ऑक्टोबर
शेवटचं पान. जोडलेलं. आकड्यांसकट.
भीती वाटली. दाराची कडी दोनदा तपासली. आणि खरं लिहायचं तर मला आनंद झाला. सव्वा वर्षात इतका झाला नव्हता. उंबऱ्यात बसून तिच्याशी बोललो, जिनिंगचं सांगितलं, गौरीचं सांगितलं. चहा केला, दोन ग्लास. तिचा अर्धा.

२४ ऑक्टोबर
पहाटे उठून पाहावं का? नको. पाहिलं तर थांबेल. शिवाय तिच्या कामात माझी लुडबुड तिला कधी आवडली नाही. असं मला वाटतं. विचारलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर
साकेतरावांना फोन केला. कंट्रोलरशिवाय रेघाही येतात म्हणून सांगितलं. त्यांनी कशा येतात विचारलं. मी म्हटलं, अनुभव.

३१ ऑक्टोबर
गौरी आली. एकटीच. दोन दिवस पाहते, मन लागलं तर भाऊबीजेपर्यंत राहते म्हणाली. ठिपके टाकून दाखवले. अगदी आईसारखे आहेत म्हणाली, डोळे पुसले. मी म्हटलं, रेघा सकाळी बघ. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

१ नोव्हेंबर, सकाळी ९
अभ्यंगस्नानासाठी गौरीने पाचला हलवून उठवलं. अंगाला तेल लावून मी दार उघडलं. बाहेर नीट उजाडलं नव्हतं. दारात पांढरं लुगडं वाकलेलं होतं, डाव्या हाताने रेघ ओढत होतं. सुचित्रा, एवढंच तोंडातून निघालं.
तिने वर पाहिलं. मागच्या घरची वच्छलाबाई. कमरेला कापूस वेचायचं फडकं बांधलेलं, वेचणीला निघालेली.
मी ओरडलोच, तू काहून इथे?
ती म्हणाली, "आता काहून विचारता भाऊ? बारा वर्षं झाले, बाईचा हात थरथरे. रेघ वाकडी जाये. मंग त्या ठिपके टाकत, मी जोडत जावो. रोज."
वहीही तिला पाठ होती. मी विचारलं, मग सव्वा वर्ष कुठे होतीस?
"ठिपकेच नव्हते त काय जोडू? आता दिसले, त जोडून राह्यली."
आकडा पुरा केला, फडकं सावरलं, गेली.

१ नोव्हेंबर, दुपारी
गौरीला माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी म्हटलं, हात थरथरत होता तर तिने सांगायचं होतं.
गौरी म्हणाली, "बाबा, भरलेला ग्लास तिच्या हातात राहत नव्हता. तुम्ही तिला काटकसरी म्हणायचे."
रडू आलं, ते मागच्या हातपंपाशी जाऊन रडलो.
ठरलं. मशीन बंद. उद्या पाचला उठणार, ठिपके मी स्वतः टाकणार, वच्छलाबाई रेघा काढेल. गौरीला सांगितलं. पहिल्यांदाच जरा हसली. बाबा, उठाल ना, म्हणाली. उठाल ना काय? दोन अलार्म लावले.

२ नोव्हेंबर, सकाळी ७.४०
आत्ता उठलो. अलार्म वाजले नसावेत.
रांगोळी झालेली आहे. ठिपके थोडे वाकडे, गौरीच्या हातचे. रेघा नेहमीसारख्या.
गौरी साडेसहाच्या बसने गेली. डोमाजींनी सांगितलं. तिने दोनदा हाक मारली होती म्हणे. ओट्यावर चहा झाकून ठेवला होता, गार झालेला.
दोन्ही मोटरी खोलून तपासल्या. दोष कुठेच नाही.