कुंपणावरचं लाल फडकं

बँकॉक, ८ जानेवारी

ती. आईस,
उआनचा सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तुझा भात करपायला लागतो, कोंबड्या अंगणात शिरतात आणि फोन बंद होतो. म्हणून पत्र लिहिते. पत्राला तरी मध्येच तोडता येणार नाही.

एप्रिलात सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, मी येईन, तुझ्या हातांवर पाणी घालून आशीर्वाद घेईन आणि परतताना तुला इकडे घेऊन येईन. पुढची खोली रिकामी केली आहे. खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं, निदान अर्धं. रागावू नकोस. पावसाळ्याच्या शेवटी तू मोरीत घसरलीस आणि दुपारपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून होतीस. मला मात्र जरा खरचटलंय एवढंच सांगितलंस. खरं काय ते टपालवाल्याकडून कळलं. तेव्हापासून एकच प्रश्न मला छळतोय. पुन्हा पडलीस तर कळणार कोणाला? याचं उत्तर दे, मी गप्प बसते.

मिरचीचा ठेचा पोचला, डोळ्यांतून पाणी काढून संपलाही. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
उआन


बान पा-फाय, २५ जानेवारी

चि. उआन हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी शाळेत नाव घातलंय. हसून झालं की पुढे वाच.

म्हाताऱ्यांची शाळा आहे ही, दर बुधवारी विहाराच्या मंडपात भरते. पांढरा सदरा, निळं लुंगीवजा नेसूचं, असा गणवेश आहे आणि त्र्याहत्तराव्या वर्षी मी त्याला इस्त्री करते. दवाखान्यातली नर्सबाई रक्तदाब बघते आणि हातात बांबू देऊन व्यायाम करवते. माझ्या शेजारी उभी राहणारी बुआफान दर वेळी हसता हसता खाली बसते. गृहपाठ म्हणून मुलाबाळांना स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं असतं, तेव्हा अक्षर सुबक दिसलं तर फुगून जाऊ नकोस.

वर्गाचा मॉनिटर कोण, तर इन्सोमकाका. ज्याच्या बदकांनी आपला कोथिंबिरीचा वाफा खाल्ला, तोच. त्याने वर्गातले चार जण आणून मोरीत बांबूचा कठडा बसवला, मला न विचारता. वर एक नियम काढलाय. एकटं राहणाऱ्याने सकाळी उठल्यावर कुंपणावर लाल फडकं टाकायचं. विहारातले भिक्षू उजाडताच भिक्षेला येतात, माघारी जातात, तोपर्यंत फडकं दिसलं नाही तर वर्ग घरी येणार. मी काय फाटकवाली आहे, झेंडी दाखवायला? पण विसरलं तर सगळ्यांपुढे गाणं म्हणावं लागतं, म्हणून टाकते.

उआन, त्या खोलीत मी दिवसभर काय करू? अर्धा आंबा बघत बसू? मला माझ्या चुलीपुढे उठता-बसता यावं, बाकी काही नको. हे लिहिताना मला रडू आलंय, ते गृहपाठात धरू नये.

लेकीला जीव लावून बसलेली,
आई


बँकॉक, १४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गृहपाठाला पैकीच्या पैकी. ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

पण आई, फडकं वाऱ्याने उडालं तर? काकांना मोतीबिंदू, बुआफानमावशीचे गुडघे गेलेले. तुम्ही सगळे एका माळेचे मणी, कोण कोणाला उचलणार? ही शाळा म्हणजे विरंगुळा आहे, आणि तो तुला मिळतोय याचा मला आनंदच आहे. पण विरंगुळ्याच्या भरवशावर मला झोप लागत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशीचा पिकअप टेम्पो ठरवलाय. भांडी हळूहळू बांधायला घे.

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस.

तुझी,
उआन


बान पा-फाय, २० मार्च

चि. उआन हिस,
अनेक आशीर्वाद.

भांडी बांधायचं नंतर बघू. आधी तू आमच्या शाळेच्या मोठ्या भिक्षूंना तक्रारीचं पत्र लिही. या लोकांनी तुझ्या बाबांच्या हातचं सागवानी दार तोडलं!

झालं असं, विहारातल्या पूजेला केळीची पानं हवी होती. भाजीचा टेम्पो अंधारातच शेजारच्या गावी निघाला, मी पटकन चढले. फडकं राहून गेलं. पानांचा भारा घेऊन परतते तर अंगणात अख्खी शाळा! पुढच्या दाराला आतून कडी, म्हणजे मी आत पडलेय, असं यांनी ठरवलं. मागचं दार मी नुसतं लोटून गेले होते, पण तिकडे जाऊन बघायचं एकालाही सुचलं नाही. बिजागऱ्या उखडल्या, दार आडवं. इन्सोम खिडकीतून शिरायला गेला तो कमरेपाशी अडकला, त्याला दोघे ओढत होते. नर्सबाई स्ट्रेचर घेऊन हजर. बुआफान पाण्याच्या रांजणात वाकून मला हाका मारत होती. मी काय बेडूक आहे?

आणि मला बघितल्यावर आनंद व्हायचा तर सगळे माझ्यावरच धावून आले. इन्सोम खिडकीतूनच ओरडला की या बाईने आमच्या तोंडचं पाणी पळवलं, हिला दोन गाणी! तेव्हा कुठे भिक्षेचे भिक्षू आमच्या गल्लीतून माघारी निघाले होते. इतक्या सकाळी सभ्य माणसाच्या घरात असं घुसतात का? पत्र कडक लिही.

संतापलेली, तरी तुझीच,
आई


बँकॉक, २८ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तक्रार लिहिणार नाही. तुझं पत्र कँटीनमध्ये वाचलं. आधी इतकी हसले की चहा सांडला, मग तिथेच बसून रडले. पावसाळ्यात पडलीस तेव्हा तू दुपारपर्यंत फरशीवर होतीस. आता भिक्षू परतायच्या आत तुझं दार तुटलं. माझ्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर तुला मुद्दाम लिहूनही देता आलं नसतं.

पिकअप नको म्हणून कळवलं. मी बसने येते, बिजागऱ्या घेऊन. काकांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या कमरेला लावायला मलम आणते. सोंगक्रानला तुझ्याबरोबर अख्ख्या वर्गाच्या हातांवर पाणी घालीन.

एक सांगू? रात्री कुलूप लावताना मनात आलं, या इमारतीत मी अकरा वर्षं एकटी राहते. सकाळी माझं दार उघडलं नाही तर ते तोडायला कोण येईल? समोरच्या म्हातारीचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

आईपण असंच चालू ठेव.

तुझी,
उआन


बान पा-फाय, ४ एप्रिल

चि. उआन हिस,
अनेक आशीर्वाद.

दोन गाणी म्हटली. दुसऱ्याला टाळ्या पडल्या.

सोबत लाल फडकं पाठवतेय. माझंच अर्धं फाडलंय, कुंपणावर अर्धंही दिसतं. निघायच्या आधी समोरच्या म्हातारीचं दार वाजव, तिचं नाव विचार, आणि फडकं कशाचं ते तिला नीट समजावून सांग. मग रोज सकाळी तुझ्या कडीला अडकव.

विसरलीस तर गाणं.

तुझी,
आई