पानांच्या खोलीतली गादी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्राला मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणता येत नाही.

बबडी मजेत आहे. सुट्टीला आली तेव्हा पहिले काही दिवस तिला झोपच लागेना. म्हणाली, आत्या, या खोलीला वासच नाही. तुझ्या लेकीला तंबाखूच्या दर्पाशिवाय डोळा लागत नाही, हे ऐकून आधी मला हसू आलं आणि मग इतका राग आला की विचारू नकोस. तिने आणलेली चादर भिजत घातली तर पाणी चहासारखं झालं.

तुला वाटतं, ताई लांब राहून शहाणपण शिकवते. अरे, मीही तंबाखूचं पान सुकवायच्या त्याच भट्टीच्या धुरात वाढले. बाबा भट्टीच्या तोंडाशी बसून लाकडं आत सारायचे, पान चाचपायचे आणि खोकायचे. आपल्या घरात खोकल्याला कधी कुणी आजार म्हटलंच नाही, धंद्याबरोबर तोही वारशाने येतो असं धरून चाललो. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं होतं. काय वय होतं रे त्यांचं? आज माझं आहे तेवढंच.

बबडी खोकायला लागल्यावर तू काहीच केलं नाहीस असं मी म्हणत नाही. धूर लागू नये म्हणून तिची गादी भट्टीकडच्या खोलीतून उचललीस आणि मागच्या खोलीत टाकलीस, जिथे सुकवलेलं पान छतापर्यंत रचलेलं असतं. घरातली सगळ्यात कोरडी खोली. तिथे धूर नाही आणि वाराही नाही, कारण पानाला ओल लागू नये म्हणून खिडक्या तूच प्लास्टिक ठोकून बंद केल्यास. पोर आगीतून फुफाट्यात पडली. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पानाची धूळ, बुरशी, तो उग्र दर्प, सगळं ही रात्रभर छातीत ओढत होती. तुला हे सांगितलं, तर तू म्हणालास की पान पडवीत ठेवलं तर रंग उतरतो. पालथ्या घड्यावर पाणी. पानाला काय सोसत नाही ते तुला नुसत्या बोटांना कळतं, आणि पोटच्या पोरीला काय सोसत नाही ते मी सांगायचं.

ती जिना चढून आली की वरच्या पायरीवर थांबायची. मला वाटायचं दमली. नंतर कळलं, ती खोकल्याची उबळ यायची वाट बघत असायची. हल्ली थांबत नाही, थेट आत पळते.

तर रविवारी स्टँडवर येऊ नकोस. ती गाडीत नसेल. इथल्या शाळेत तिचं नाव घातलंय. बायकोवर ओरडण्याआधी एक ऐक. उन्हाळ्याच्या सुट्टीला म्हणून तिने जी बॅग भरून दिली, ती मी पहिल्याच दिवशी उघडली, तर आत पोरीचे सगळे स्वेटर होते. मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, ताई, माझं तो ऐकत नाही, निदान तुम्ही तिला ठेवून घ्या. ती खोली रिकामी कर, खिडक्या उघड आणि मग लेकीला न्यायला ये.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई