छाटलेली पानवेल

आई, आज मागच्या दारी पानं खुडत होते आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की वयाने मी आता तुझ्यापुढे गेले आहे. तरी पान देठाशी नखाने तोडताना अजून तुझाच हात आठवतो.

साठ सालानंतरचे ते दिवस. बाबा गेले आणि पालघरची, त्यांच्या नोकरीबरोबर मिळालेली खोली आपल्याला सोडावी लागली. केळव्याला तुझ्या आईवडिलांचं दोन खोल्यांचं कौलारू घर बंद पडलेलं होतं आणि शेजारीच मामाने नवं घर बांधलं होतं. बैलगाडीतून आपलं सामान मामाने थेट स्वतःच्या ओटीवर उतरवून घेतलं. "वेगळी चूल कशाला? आमी हाय ना," तो म्हणाला. त्याच्या मनात खरंच माया होती. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "तू हायसच, दादा. पण माझी चूल माज्या घरात पेटू दे." माझी मॅट्रिक नुकतीच झाली होती. त्या घरात खायचं काय, हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. तू मात्र मागच्या दाराकडे निघालीस. दार उघडेना, बाहेरून घाणेरीची झुडपं टेकली होती. आपण दोघींनी खांदा लावला तेव्हा कुठे ते हातभर सरलं, आणि पलीकडे दिसली ती तुझ्या वडिलांची वाडी. सुपाऱ्यांचे शेंडे तेवढे वर, खाली नुसतं रान. विहीर कुठे आहे हेही कळत नव्हतं.

सगळे मदतीला धावले, आणि त्या मदतीनेच आपण जेरीला आलो. मामाने उत्साहाने खाजकुहिली उपटली आणि खाज शमवायला दोन दिवस अंगाला शेण फासून ओटीवर बसला. तुझ्या बहिणीने, मावशीने, दांडी गावच्या कोळणींकडून खतासाठी सडक्या मासळीच्या पाट्या आणवल्या. आळीतल्या सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि गावभरची मांजरं मात्र आपल्या कुंपणावर. मामीला केळी हव्या होत्या, म्हणून तिने आपल्याला न विचारता विहिरीच्या वाटेवरच खुंट लावले. तू कोणाला काही बोलत नव्हतीस. संध्याकाळी सगळे गेले की केळीचे खुंट काढून दुसरीकडे लावायचीस, एवढंच.

रान हटवताना कोपऱ्यातल्या एका सुपारीवर तुला आजोबांची पानवेल जिवंत सापडली. तू तिच्या पानाचा तुकडा चावलास, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "हाय! तीच हाय!" त्या रात्री तू खूप दिवसांनी पोटभर जेवलीस. आणि दुसऱ्या दिवशी आपण गावच्या विहिरीवर पिण्याचं पाणी आणायला गेलो तेवढ्यात मामाने कोयता घेऊन तो कोपरा झाडून स्वच्छ केला. परत येतो तर मामा घाम पुसत हसतो आहे, आणि वेल तुकडे होऊन मातीत पडली आहे. तू डोक्यावरची कळशी खाली ठेवलीस. थोरल्या भावासमोर तुझा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. "ठेव तो कोयता! आता पुरे. या वाडीत आता मी सांगेन तेच होईल." मामाचा चेहरा पडला. "मला वाटलं, गवतच हाय," तो पुटपुटला. मला वाटलं, संपलं, आता नातंही तुटलं आणि वाडीही. पण तू तिथेच उकिडवी बसलीस, एकेक तुकडा उचलून कोंब फुटतील अशी पेरं निवडू लागलीस, आणि मान वर न करता म्हणालीस, "दादा, उभा काय? खड्डे खण. सुपारीच्या बुंध्याशी." तो मुकाट्याने खणू लागला. त्या दिवसापासून सगळे तुला विचारून हात लावायचे. मामीसुद्धा.

मी रहाट ओढला, तू पाणी फिरवलंस. मावशीच्या त्या मासळीने तर कमाल केली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका वेलीच्या जागी सगळ्या सुपाऱ्यांवर वेली चढल्या होत्या, आणि आपल्या पानांच्या करंड्या बाजारात जाऊ लागल्या होत्या.

मग मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मामी तुला जवळ घेऊन म्हणाली, "वन्सं, तुमी आत बसा. बाहेरचं आमी बघतो, लोकं बोलतात." तुला बोल लागू नये म्हणूनच म्हणाली बिचारी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मामा मागच्या दारी आला. "मांडवात पानं तुजीच पायजेत." तू हातातली पानं पुसत राहिलीस. "पानं देईन, दादा. पण विडे मी मांडवात बसून लावीन." मामाने वर वेलींकडे बघितलं. मग म्हणाला, "बस. मी बघतो कोण बोलतो ते."

आणि तू बसलीस, आई! स्वच्छ पांढरं लुगडं, समोर पितळेचं तबक, ओल्या फडक्यात पानं. वऱ्हाडातली एक म्हातारी कुजबुजली, तशी मामीच पुढे झाली. "माज्या वन्सं हायत. विडा घ्या!" म्हातारीने घेतला. थोड्या वेळाने दुसरा मागायला आली. मामा मांडवभर सांगत फिरत होता, "माज्या भयणीची वाडी!" आणि तू मान ताठ ठेवून विडे लावत होतीस. तसं बसलेलं मी तुला आधी कधी पाहिलं नव्हतं.

हे कागद कुठे धाडणार? घडी करून कपाटात ठेवीन. जाता जाता एक सांगते, रागावू नकोस. त्या दिवशी तू लावलेला पहिला विडा मला दिलास ना, तो मी मांडवामागे जाऊन थुंकून टाकला. आपलं पान मला कधीच आवडलं नाही. फार तिखट लागतं.