सासूबाईंच्या बरणीतली माशी

३ मार्च
झालं! दोन नव्या प्रजाती. दोन्ही तिळाएवढ्या गांधीलमाश्या, कोबीवरच्या अळीच्या पोटात अंडी घालणाऱ्या. पिल्लं अळीला आतून खाऊनच बाहेर येतात. एक काळी, पंखवाली. दुसरी तांबूस, बिनपंखी — मुंगीच वाटावी! काळ्यांत सगळे नरच मिळाले, तांबूसांत सगळ्या माद्याच. त्यांचे जोडीदार अजून सापडायचेत, लेखात तसं लिहून टाकलंय.

काळीला संग्रहालयातल्या आमच्या सरांचं नाव. महिनाअखेर निवृत्त होतायत. बिनपंखीला सासूबाईंचं, म्हणजे आमचं आडनाव. अळ्यांच्या बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतात (संग्रहालयात उंदीर!) आणि रोज ताजा कोबी त्याच घालतात.

४ मार्च
सासूबाईंना सांगितलं. "माझं नाव? माशीला? तीही बिनपंखी?" मग तासभर जिन्यात, शेजारणींना सांगत. संध्याकाळी इस्त्रीवाला माझं अभिनंदन करून गेला.

७ मार्च
सरांना सांगितलं. माझ्या दर लेखावर एक ओळ न लिहिता नाव लावतात. या वेळी मात्र स्वतःहून म्हणाले, "लेखावरून माझं काढा." लेखकानं प्रजातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे ना! मग हळूच — "दुसरीपेक्षा मोठी आहे ना पण?"

दीड मिलिमीटर, सर.

१२ मार्च
लेख छपाईला गेला. हुश्श!

१९ मार्च
सकाळी चहा गाळत होते. सासूबाई बरणीपाशी. "अगं, तुझे सर माझ्या पाठीवर का बसलेत?"

पाहिलं. चहा ओट्यावर.

दोन प्रजाती कसल्या — नवरा-बायको आहेत! म्हणे जोडीदार सापडायचेत! माझ्याच पेटीत शेजारी-शेजारी टाचून ठेवलेत मी. वीस वर्षं विद्यार्थ्यांना ओरडतेय, नर-मादीत फसू नका म्हणून. कुठे तोंड लपवू?

२० मार्च
एक प्रजाती, एक नाव. सर की सासूबाई? सरांच्या निरोप समारंभाची पाटी माशीच्या नावासकट कोरून आलीय. सासूबाईंच्या बहिणीचा अभिनंदनाचा फोनही येऊन गेलाय. नवऱ्याला विचारलं. "मला यात ओढू नकोस," म्हणाला आणि दाढी करायला गेला. दाढी झालेलीच होती.

संपादकांना कळवलं, छपाई थांबवा. उत्तर आलं — एकाच अळीतून दोन्ही निघाल्याची तारीखवार नोंद द्या, नाहीतर लेख परत. कुठून देऊ? मी नोंदी ठेवल्या मेलेल्या माश्यांच्या. जिवंत बघायला वेळ कुणाला होता!

२१ मार्च
सासूबाईंना सगळं सांगितलं. सांगताना रडूच आलं. त्या उठल्या, स्वतःची रक्तदाबाची वही आणली, मागच्या बाजूनं उघडली. "सहा तारीख. एक अळी सुस्त. वेगळी काढली, जॅमच्या बाटलीत. पंधरा तारीख, सकाळी साडेसात. काळे चार निघाले. ताटकळत बसलेत. दुपारी तांबड्या नऊ." पानंच्या पानं! रक्तदाबापेक्षा नीट.

म्हटलं, नोंद तुमची, तर लेखावर लेखिका म्हणून तुमचंही नाव हवं. पण मग रीतीप्रमाणे माशीला देता येणार नाही. माशी की लेख, एकच काहीतरी.

सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "माशी सरांना दे. पाटी वाया जायला नको. आणि दुसऱ्याच्या जिवावर वाढणारी आहे, शोभेल त्यांना."

म्हणजे मी एवढ्या वर्षांत सरांबद्दल जे बडबडले, ते सगळं ऐकलंय यांनी!

२४ मार्च
संपादकांचा फॉर्म आला. दुसऱ्या लेखिकेचं पूर्ण नाव. मी आमचं आडनाव लिहायला घेतलं, माशीला दिलं होतं तेच. सासूबाईंनी पेन काढून घेतलं आणि लग्नाआधीचं लिहिलं. सावकाश. "हे माझं," म्हणाल्या.

बावीस वर्षं एका घरात राहतोय. मला ते माहीत नव्हतं.