कोऱ्या ट्यूबमधला कापूस

यवतमाळ, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलं आज! दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणाऱ्या कमलाबाईच्या रक्ताची बाटली जीपनं लॅबमध्ये आली; ते रक्त दोन ट्यूबमध्ये घेतलं. एकीत कापसाची धूळ घातली, दुसरी तुलनेसाठी धुळीविना कोरी ठेवली. ॲलर्जीच्या पेशी दोन्हीकडं सारख्याच चवताळलेल्या. कोऱ्या ट्यूबमध्येही! कायले? पेशी मोजायचं मशीन दोनदा धुतलं. मग रक्ताच्या बाटलीकडं लक्ष गेलं, तर झाकणाले कापसाचे तंतू. कमलाबाईले फोन लावला.

"जीपमध्ये फुटू नये म्हणून मीच कापसात गुंडाळली, ताई."

उघडतानी मले कसं दिसलं नाही? कोरी ट्यूब कोरी नव्हतीच. रागवू तरी कोणावर? पुन्हा रक्त द्या लागन, म्हटलं.

खोकला आवरून त्या म्हणाल्या, "घ्या ना. या खेपेले कापूस जास्त लावतो."